भट्टीच्या गेटपर्यंत

पहिल्या वर्षाची मुलं कॉलेजात आली की शिकवणं सुरू होण्याआधी तीन आठवडे त्यांना नुसती ओळख करून द्यायची असते. इंजिनियरिंग म्हणजे काय, कोणत्या ब्रँचमध्ये काय शिकवतात, पुढे कुठे कामं मिळतात, असलं सगळं. भिलाईतल्या त्या खाजगी कॉलेजात हे काम अंगावर घ्यायला कुणी राजी नसे. मुलं बारावीतून नुकती सुटलेली, निम्म्यांना आपण इथे का आलो तेच ठाऊक नाही आणि उरलेल्यांचं लक्ष खिडकीबाहेर. संघमित्रा मेश्राम मात्र दरवर्षी ते काम आपणहून मागून घ्यायची. ती कंप्युटर ब्रँचची. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आठ वर्षं काढली, मग आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं म्हणून घरी आली आणि इथेच शिकवायला लागली. वय छत्तीस, लग्नाचं जमता जमता राहून गेलेलं. 'मॅडमला नव्या मुलांची फार हौस आहे,' असं स्टाफरूममध्ये म्हणत. तिनेही ते कधी खोडून काढलं नाही.

खरं कारण निराळं होतं. त्या तीन आठवड्यांत एक दिवस मुलांना कारखाना दाखवायचा असतो. पाच वर्षं ती पोलाद कारखान्याला पत्र लिहीत होती, की आमच्या मुलांना ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंड वितळवणारी मोठी भट्टी, पाहू द्या. पाच वर्षं उत्तर येत होतं, की यंदा जमणार नाही. मग मुलं रसमड्याच्या एखाद्या लहानशा कारखान्यात जायची, लेथ मशीनसमोर फोटो काढायची आणि समोसे खाऊन परत यायची. यंदा मात्र उत्तर वेगळं आलं. शनिवार, सकाळी दहा वाजता, तीस विद्यार्थी आणि दोन शिक्षक, ब्लास्ट फर्नेसचं कास्ट हाउस. ते शेवटचे दोन शब्द तिने उभ्याउभ्याच चारदा वाचले आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. ऑफिसात द्यायची आठवण तिला दुसऱ्या दिवशी झाली.

कास्ट हाउस म्हणजे भट्टीच्या पायथ्याची ती जागा, जिथे भट्टीला भोक पाडून आतलं वितळलेलं लोखंड बाहेर काढतात. त्या काढण्याला टॅपिंग म्हणतात. संघमित्राचे वडील देवीदास मेश्राम यांनी एकतीस वर्षं त्या जागी नोकरी केली होती. तुमसरकडच्या एका खेड्यातून दहावी पास होऊन ते भिलाईला आले ते थेट भट्टीसमोरच उभे राहिले. सेक्टर दोनमधल्या क्वार्टरमध्ये संघमित्रा लहानाची मोठी झाली. संध्याकाळी अंगणात अभ्यासाला बसली, की मध्येच कारखान्याच्या बाजूचं आभाळ तांबूस व्हायचं, हळूहळू पेटल्यासारखं दिसायचं आणि थोड्या वेळाने विझायचं. बाबा ड्युटीवर असले की ती आईला ओरडून सांगायची, "आई, बाबानं उघडली!" आई म्हणायची, "तू पुस्तकात पाय, आभाळात नको."

पण बाबा घरी येऊन भट्टीबद्दल चकार शब्द बोलत नसत. आंघोळ करायचे, चहा प्यायचे, पेपर वाचायचे. "आज काय झालं बाबा?" असं विचारलं तर म्हणायचे, "काई नाई. ड्युटी झाली." त्यांच्या हातांवर तांदळाएवढे पांढरे डाग होते. त्यांच्याबद्दल विचारलं तरी तेच, ड्युटी झाली. न बोलणाऱ्या माणसाच्या घरात मूल स्वतःच कल्पना करून घेतं. संघमित्राने मनातल्या मनात ती भट्टी इतक्यांदा बांधली होती, की दहावीपर्यंत तिला ती शाळेपेक्षाही नीट माहीत होती, फक्त पाहिलेली नव्हती.

बारावीनंतर प्रवेश परीक्षेत तिला चांगले मार्क मिळाले. रायपूरच्या सरकारी कॉलेजात मेटलर्जी मिळत होतं, म्हणजे धातुशास्त्र. लोखंड कसं होतं, का होतं, हे सगळं त्यात. ब्रँच निवडायच्या दिवशी भरलेल्या हॉलमध्ये बाबा तिच्या शेजारी बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तिने फॉर्मच्या पहिल्या रकान्यावर पेन टेकवलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "कंप्युटर लिव." तिने वर पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. तिने कंप्युटर लिहिलं. असं का, ते तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली होती.

बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. दुर्गला बोरसीत त्यांनी घर बांधलं, पुढे लहानसं अंगण ठेवलं. बोरसीचं आभाळ संध्याकाळी इतर गावांसारखंच काळं होतं.

त्या वर्षीच्या वर्गात रोशनी नावाची एक मुलगी होती. वडील राजकुमार रेल्वेत लोको पायलट, नागपूरकडचे. पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांचं भाषण झालं, त्यात कंप्युटरवाल्यांना किती पॅकेज मिळालं याचीच उजळणी होती. मग एकेका ब्रँचचे सर येऊन आपापली ब्रँच कशी सगळ्यांत चांगली ते सांगून गेले. मुलं जांभया देत होती. तास संपल्यावर रोशनी टेबलाजवळ घुटमळली. वर्गात ती हिंदीत बोलायची, पण संघमित्राचं आडनाव तिने ऐकलं होतं.

"मॅम, मले एक विचारायचं होतं," ती म्हणाली.

घरातली बोली कॉलेजात ऐकून संघमित्राला हसू आलं. "विचार ना."

"मी कंप्युटरमध्ये हाये. पण मॅम, एक साल के बाद ब्रँच बदलता येते ना? आपली ब्रँच कोणती, हे समजते कसं?"

एवढंच विचारलं होतं तिने. पण संघमित्राला अठरा वर्षांपूर्वीचा तो रकाना आठवला. ही मुलगी कंप्युटरमध्ये आहे, घरच्यांनी घालून दिलेली असणार, आणि मन दुसरीकडे आहे, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ती म्हणाली, "पाहिल्याशिवाय समजत नाही. तू तिसऱ्या शनिवारी ये. भट्टी पाहा. मग बोलू."

"हो मॅम," रोशनी म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवस संघमित्रा तिला वेगळं गाठून काही ना काही सांगत राहिली. मेकॅनिकलला गेलीस तर पुढे धातूंकडे वळता येतं, एम.टेकला मेटलर्जी घेता येतं, आता मुलीही भट्टीवर काम करतात. रोशनी मान डोलवायची. तिचा 'हो मॅम' कधी बदलला नाही, पण तिच्या होकाराकडे इतकं नीट कोण पाहत होतं?

शुक्रवारी संध्याकाळी संघमित्राने पॉवर हाउस भागातल्या बाजारातून सेफ्टी शूज आणले. काळे, जड, पुढे लोखंडी टोपी असलेले. घरी खोक्यातून काढले तेव्हा बाबा पेपर खाली ठेवून आले. एक बूट हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने पुढचं टोक दाबून पाहिलं, तळवा वाकवून पाहिला आणि परत ठेवला.

"चांगला हाये," एवढंच ते म्हणाले. पण सकाळी ती निघाली तेव्हा ते फाटकाशी उभे होते, आणि बस वळेपर्यंत तिथेच उभे होते.

कॉलेजची बस कारखान्याच्या गेटवर पोचली तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. दुसरे शिक्षक होते दौलतराव, वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर. दोन वर्षांनी निवृत्त होणार होते आणि मुलांना नावाने न बोलावता 'ए फाइल', 'ए हातोडी' असं बोलवायचे. मुलं त्यांच्यावर खूश होती. गेटवर मोबाइल जमा झाले, यादी वाचून झाली, ओळखपत्रं पाहून झाली. मग ओमप्रकाश नावाचे सेफ्टीचे साहेब आले. त्यांनी सगळ्यांना हेल्मेट दिलं आणि एका ओळीत उभं करून पायांकडे पाहत पाहत चालले. मुलांना चामड्याचे बंद बूट घालून यायला सांगितलं होतं. कुणी एनसीसीचे आणले होते, कुणी मोठ्या भावाचे. ओमप्रकाश रोशनीसमोर थांबले.

तिच्या पायात गुलाबी पट्ट्यांचे, जाळीचे स्पोर्ट्स शूज होते.

"ये नहीं चलेगा, बेटा," ते म्हणाले. "जाली में से चिनगारी अंदर जाती है. आप बाहर बैठोगे."

संघमित्रा पुढे झाली. "सर, एकच मुलगी आहे. मागे उभी करते तिला."

"मॅडम, पाय एकाचा जळला तरी जळतोच," ते शांतपणे म्हणाले. त्यांचं खरं होतं.

रोशनी लगेच ओळीतून बाहेर आली. "कोई बात नहीं मॅम. मी बसते इथं. तुमी जा."

आणि इथे संघमित्राने ते केलं, ज्याचा विचार तिने आधी एक क्षणही केला नव्हता. "तुझा नंबर किती?" तिने विचारलं.

"पाच."

"माझापण पाच." ती बाकावर बसली आणि लेस सोडायला लागली.

दौलतराव जवळ आले. "मॅडम, काय करून राहिल्या तुमी? पोट्टी बसते म्हणते ना. बसू द्या. पाच वर्सं पत्रं लिवले तुमी."

"सर, मी शिक्षक आहे. मी कधीही पाहीन."

"कवा पायसान?" दौलतरावांनी विचारलं. तिने दुसऱ्या बुटाची लेस सोडली. रोशनी हेल्मेट दोन्ही हातांत धरून उभी होती. "घाल," संघमित्रा म्हणाली, आणि तिने घातले.

एकतीस माणसं दोनदोनच्या ओळीत आत गेली. संघमित्रा जाळीचे बूट पायात अडकवून गेटजवळच्या खोलीत बसून राहिली.

पहिली पाच मिनिटं तिला फार बरं वाटलं. आपण योग्य तेच केलं, असं काहीतरी छातीत भरून आलं. सहाव्या मिनिटाला ते सगळं ओसरलं. दूरवर उंच काळे मनोरे दिसत होते, त्यांच्या अंगावरचे पाइप, जिने, पिवळसर धूर. त्यातली भट्टी कोणती हे तिला बोट दाखवून सांगता आलं असतं; नकाशे तिला पाठ होते. आत्ता मुलं पुलावरून चालत असतील. आत्ता कास्ट हाउसचा जिना. तिने घड्याळ पाहिलं. तिला मुलीचा राग आला. साधे बूट आणता येत नाहीत? दोनदा सांगितलं होतं, बोर्डावर लिहिलं होतं. मग स्वतःचा राग आला. कुणी मागितलं होतं हे दान? दौलतरावांनी सांगितलं, मुलगी स्वतः बसते म्हणाली, साहेबांनीही बूट द्या असं काही म्हटलं नव्हतं. आपणच उठून आपल्या हाताने दार लावून घेतलं.

अकराच्या सुमारास आतून एक लांब भोंगा वाजला. खोलीत पहाऱ्यावर असलेल्या जवानाने मानही वर केली नाही. संघमित्रा मात्र उभी राहिली. उजेड दिवसा दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती खिडकीशी गेली आणि भोंगा थांबून कितीतरी वेळ झाला तरी तिथेच राहिली.

साडेबाराला मुलं बाहेर आली. चेहरे लाल, केस घामाने चिकटलेले, सगळे एकदम बोलत होते. एक जण हातांनी नदी वाहते तसं दाखवत होता. दौलतराव घाम पुसत म्हणाले, "मॅडम, तीस सालानंतर पायलं. तसंच हाये." मग तिच्याकडे पाहून ते मुलं मोजायला लागले.

बसमध्ये रोशनी तिच्या शेजारी येऊन बसली. बूट काढून झाले होते, तिने ते पुसून दिले होते.

"कसं वाटलं?" संघमित्राने विचारलं. आवाज सांभाळून विचारायला तिला कष्ट पडले.

"अच्छा था, मॅम."

"टॅपिंग झालं ना? भोंगा ऐकला मी."

"हो."

"मग? सांग ना. पहिले काय दिसलं?"

रोशनीने खिडकीबाहेर पाहिलं. "मॅम, सच बोलू? मी त डोये बंद करून घेतले."

"डोळे बंद केले?"

"गरमी लय होती. आवाज असा, की मी भेली. दौलतराव सर म्हणे पाय पाय, पण मी मांगंच उभी होती. मॅम, मले नाई करायचं हे. मले कंप्युटरच ठीक हाये. मी सॉफ्टवेअर करीन."

संघमित्राच्या तोंडून शब्द निघून गेले, थांबवायच्या आत. "मग बूट कशाला घेतलेस माझे?"

रोशनीचे डोळे भरले, पण ती हलली नाही. "तुमी देल्ले, मॅम. मी बसते म्हणली होती. तुमी ऐकून नाई राहिल्या होत्या."

बस नेहरूनगरच्या चौकात थांबली, हलली. मागे मुलं गाणी म्हणत होती. संघमित्राला त्या मुलीच्या पंधरा दिवसांतल्या सगळे 'हो मॅम' एकामागून एक आठवले, आणि त्यांतला एकही होकार नव्हता, हे तिला आता स्वच्छ ऐकू आलं. मुलीने एक साधा प्रश्न विचारला होता. आपण तिला उत्तर दिलं नाही, आपली इच्छा दिली. आणि पायात घालायला बूटही दिले.

"रोशनी," ती म्हणाली, "चूक माझी आहे. तू खरं सांगितलंस हे बरं केलंस. पाहूनच समजतं म्हणाले होते ना मी? तुला समजलं."

"पर मॅम, मैंने तो देखा भी नहीं," रोशनी म्हणाली, आणि दोघी हसल्या. रोशनीचं हसू खरं होतं. सोमवारी प्रोग्रॅमिंगचं पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं, असं तिने विचारलं आणि कॉलेज येईपर्यंत दोघी त्यावरच बोलत राहिल्या.

घरी पोचायला संघमित्राला संध्याकाळचे पाच वाजले. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. दुसरी खुर्ची समोर ठेवलेली होती. असं त्यांनी कधी केलेलं तिला आठवत नव्हतं. आई, पंचफुलाबाई, दाराशी भाजी निवडत होती.

"आली?" बाबा म्हणाले. "बस."

ती बसली. त्यांनी विचारलं, "पायली?"

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिला नाही म्हणवेना. सहासष्ट वर्षांचा माणूस खुर्चीच्या टोकावर पुढे सरकून बसला होता. "पाहिली, बाबा."

"टॅपिंग झालं?"

"झालं. अकराला."

"कसं?"

तिने लहानपणापासून मनात बांधून ठेवलेली भट्टी उघडली आणि सांगायला लागली. भोंगा वाजला, ड्रिल पुढे आलं, भोक पडलं, पिवळा उजेड, ठिणग्या, मग नालीतून वाहत जाणारं लोखंड, वर तरंगणारा मळ. बाबा ऐकत होते. त्यांचे ओठ मध्येमध्ये हलत होते, जसे पाठ असलेल्या गोष्टीच्या वेळी हलतात.

"अन भोक बंद करतानी मड गन कोणीकून आली?" त्यांनी विचारलं. "डाव्या बाजूनं का उजव्या?"

मड गन म्हणजे भोकात माती ठासून ते बुजवणारं यंत्र. पुस्तकातल्या चित्रात ते होतं. बाजू कुठे लिहिलेली नव्हती.

"उजव्या," ती म्हणाली.

बाबा मागे टेकले.

"तू गेलीच नाईस," ते म्हणाले.

तेव्हा मात्र तिला रडू आलं. बसमध्ये आलं नव्हतं, गेटवर आलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, बूट, मुलगी, डोळे मिटणं, सगळं. आईने भाजी बाजूला ठेवली आणि जागेवरच बसून राहिली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी त सकायपासून बसून हाये," ते शेवटी म्हणाले. "म्हणलं, पोरगी येईन, सांगन. माह्या भट्टीची खबर आणन." त्यांनी तळहात गुडघ्यांवर घासले. "त्या दिवशी तुले कंप्युटर लिवाले मी लावलं."

"हो."

"कावून लावलं, तू कधी विचारलं नाई."

"तुम्ही सांगितलं नसतं."

"नसतं सांगतलं," त्यांनी कबूल केलं. "मी रायपूरहून आलेले ट्रेनी पायले होते. पोट्टे तुह्यासारखेच, शिकले सवरलेले. कास्ट हाउसमध्ये येत, वही घेऊन उभे राहत. साहेब मले आवाज देत, 'ए देवीदास, इधर आ, साहब को दिखा.' मी फावडं घेऊन जाओ. थोबाडाले गमछा, अंगावर राखड. मले वाटलं, एका दिवशी ते ट्रेनी तू असशीन. अन साहेब मले तुह्यासमोर 'ए' म्हणन."

"मला चाललं असतं, बाबा."

"मले नसतं चाललं," बाबा म्हणाले. "तवा नसतं. आता चाललं असतं. आता कोणी 'ए देवीदास' म्हणून बलावलं त मी पयत जाईन."

आईने पदर डोळ्यांना लावला. "सहा वर्सं झाले," ती संघमित्राला म्हणाली, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "झोपेत हात हलवते हा माणूस. मी कोणाले सांगू?"

संघमित्राला आयुष्यभर वाटलं होतं, की भट्टीची ओढ या घरात आपल्या एकटीलाच आहे. बाबांना तिचा कंटाळा आला असेल, वीट आला असेल, म्हणून ते बोलत नाहीत. समोरचा माणूस तिच्याइतकाच उपाशी होता, हे तिला आज कळलं. आणि त्याने जेवण पाहिलेलं होतं, म्हणून कदाचित जास्तच.

"बाबा," ती म्हणाली, "मड गन कोणत्या बाजूने येते?"

"डाव्या," ते म्हणाले. "आमच्या फर्नेसवर डाव्या."

"मग तुम्ही कुठे उभे राहायचे?"

बाबांनी अंगणात इकडेतिकडे पाहिलं. मग ते उठले. तुळशीच्या कुंडीपासून चार पावलं मोजून त्यांनी चपलेने फरशीवर एक रेघ ओढली, दिसत नव्हती तरी. "हे टॅप होल," ते कंपाउंडच्या भिंतीकडे हात करून म्हणाले. "इथून नाली. इकडून लोखंड जाते, अन इथं त्याले वळण. मळ वरून तरंगते, त्याले अडवाले इथं आडवी भिंत. लोखंड तिच्या खालून जाते. जड असते ना. समजलं?"

"समजलं."

"पहिले उजेड नाई येत. लोकाइले वाटते उजेड येते. पहिले आवाज येते. फुस्स करून. मंग एक मिनिट काईच नाई. सगळे चूप. त्या मिनिटात..." ते थांबले. त्यांनी हात हवेत धरला, बोटं पसरली, पुन्हा मिटली. "ते नाई सांगता येत. तिथं कसं वाटते ते मले नाई सांगता येत, पोरी. एकतीस वर्सं उभा राहिलो, पण सांगाले शब्द नाई मिळाला. म्हणून नाई बोललो. दुसरं काई नव्हतं."

"सांगू नका," संघमित्रा म्हणाली. "उभं राहून दाखवा."

बाबांनी पाय फाकवले, उजवा जरासा मागे घेतला, गुडघे सैल सोडले. डावा हात कपाळापुढे आडवा धरला, मान थोडी तिरपी केली. बनियनमधला, पांढऱ्या केसांचा माणूस बोरसीच्या अंगणात विटांच्या भिंतीसमोर असा उभा राहिला, की त्या बाजूला पाहायलाही संघमित्राला भीती वाटली. रस्त्याने जाणारी शेजारची सिंधुताई फाटकाशी थबकली, काही विचारणार होती, पण आईने हाताने खूण केली तशी पुढे गेली.

संघमित्रा उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने पाय फाकवले, हात आडवा धरला.

"असं नाई," बाबा तिच्याकडे न पाहता म्हणाले. "मांगं हो जराशी. हां. वजन मांगच्या पायावर. ठिणग्या आल्या अन पयाचं असलं त पयता आलं पायजे."

तिने वजन मागच्या पायावर घेतलं. समोर भिंत होती, भिंतीवर उन्हाचा शेवटचा पट्टा, आणि दोघंही तिकडे पाहत होते.

"आता?" तिने विचारलं.

"आता थांब," बाबा म्हणाले. "उघडाले टाइम लागते."